पहिल्या मुक्कामाआधी मुलांची रात्रीशी ओळख करून द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत तुम्ही वर्गशिक्षिका आहात. सातवी-आठवीच्या ३६ मुलामुलींना डिसेंबरात राजमाचीला नेऊन एक रात्र तंबूत राहायचा बेत आहे. सोबत चार शिक्षक, त्यात दोन शिक्षिका. बहुतेक मुलं घरच्यांशिवाय एकही रात्र बाहेर राहिलेली नाहीत. पालक धास्तावले आहेत. तुम्हाला सामानाची यादी हवी आहे आणि मुलांची मनाची तयारी कशी करावी तेही जाणून घ्यायचं आहे.

यादी सांगतो, पण ती पुढे. कारण तुमची खरी अडचण सामानाची नाही. दिवस मुलं निभावून नेतात. चढ, ऊन, भूक, पायाला आलेला फोड, यातलं काहीच त्यांना अगदी नवीन नसतं, आणि उजेडात सगळे सोबत असतात. नवीन असते ती रात्र. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे जवळपास तेरा तासांचा अंधार. त्यातले सात-आठ तास मुलं झोपतील असं धरलं तरी पाच तास ती अंधारात जागी असणार. जेवण, भांडी, शौचाला जाणं, अंथरूण घालणं, तंबूत शिरणं, घरची आठवण, शेजारच्याचं घोरणं, बाहेर काहीतरी खुसपुसल्याचा आवाज हे सगळं त्या पाच तासांत घडतं. शिबिरात जे बिघडतं ते बहुतेक याच वेळात बिघडतं. म्हणून माझी सगळी तयारी या पाच तासांभोवती असते, आणि ती शाळेत आणि घरीच, निघण्याच्या पाच-सहा आठवडे आधी सुरू होते. ‘घाबरू नका, मजा येईल’ असं वर्गात सांगून मनाची तयारी होत नाही. मुलानं एक गोष्ट आधी हातानं करून पाहिलेली असली की ती गोष्ट शिबिरात त्याला घाबरवत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी मोकळेपणानं बोलू. मुलं गावाकडची, शेतात राखणीला गेलेली असतील तर अंधाराचा निम्मा अभ्यास त्यांचा झालेला असतो, आणि त्यांना फक्त गटात राहणं शिकवावं लागतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांचं उलट असतं. तुमच्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असणार, आणि हा मोठाच फायदा आहे. ज्याच्या घरी गोठा आहे तो मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसत असला तरी शिबिरात पुढे असेल, त्याला आधीपासून तसं स्थान द्या. दुसरी गोष्ट जागेची. राजमाची सुंदर आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, पायथ्याला उधेवाडी, गावात जेवणाखाण्याची सोय. पण लोणावळ्याहून ती पंधराएक किलोमीटर आत आहे, रस्ता खडबडीत आहे आणि कोंदिवड्याच्या बाजूनं आलात तर चांगलाच चढ आहे. रात्री दोन वाजता एखाद्या मुलाला दम्याचा झटका आला तर दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल, हा प्रश्न मी प्रत्येक जागेबद्दल विचारतो. पहिल्याच मुक्कामाला उत्तर ‘तासाच्या आत’ असं हवं. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिल्या रात्रीसाठी गड नको. गाडी थेट पोचते अशा गावाच्या कडेची सपाट जागा घ्या, जवळ जिल्हा परिषदेची शाळा किंवा समाजमंदिर असेल तर उत्तमच, म्हणजे अवेळी पाऊस आलाच तर डोक्यावर छप्पर मिळतं. राजमाची दुसऱ्या वर्षी करा, हीच मुलं तेव्हा ती खऱ्या अर्थानं उपभोगतील. शिवाय आपले बरेचसे किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, तिथे सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, आणि हरिश्चंद्रगड-कळसूबाई किंवा भीमाशंकरसारख्या अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. तंबू-जेवणासकट सोय करणाऱ्या एखाद्या संस्थेकडून शिबिर घेणार असाल तर राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते कागद हातात घेऊन पाहा.

तारीख ठरवताना पंचांग उघडा. शुक्ल दशमी ते पौर्णिमा यांमधला शनिवार सापडतो का पाहा. पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत अंधार पडायच्या वेळी चंद्र वर आलेला असतो आणि मुलांच्या जागेपणाचा सगळा वेळ चांदण्यात जातो. पौर्णिमा उलटली की चंद्र रोज उशिरा उगवतो आणि नेमके ते पाच तास काळेकुट्ट जातात. पहिल्या खेपेला हा फरक फार मोठा ठरतो.

आता तयारी. पहिली पायरी घरची. प्रत्येक मुलानं एक रात्र पलंग सोडून जमिनीवर, शिबिरात नेणार त्याच अंथरुणात झोपायचं. गच्ची असेल तर गच्चीवर, नसेल तर गॅलरीत किंवा पुढच्या खोलीत. पंखा नाही, उशीऐवजी कपड्यांची घडी. सकाळी अंथरूण स्वतः गुंडाळून पिशवीत भरायचं. यातून दोन गोष्टी कळतात. अंथरूण पुरतं की नाही हे मुलाला कळतं. आणि ज्याला झोप लागलीच नाही, तो मुलगा आपल्याला कळतो. त्याच आठवड्यात घरी तीन दिवस स्वतःचं ताट स्वतः घासायचं, हेही सांगून टाकतो.

दुसरी पायरी पिशवीची, आणि इथे पालकांना हात बांधून बसायला सांगावं लागतं. आईनं भरलेली पिशवी मुलाला परकी असते. रात्री विजेरी हवी असते तेव्हा ती कुठे आहे हे त्याला माहीत नसतं, मग सगळी पिशवी तंबूत उपडी होते, मोजे हरवतात, रडू येतं. म्हणून पिशवी मुलानंच भरायची, पालकानं फक्त शेजारी बसायचं. मग शाळेत पिशव्या आणून एक खेळ घ्यायचा: डोळ्यांवर रुमाल बांधून, मी म्हणेन ती वस्तू मिनिटाभरात बाहेर काढायची. विजेरी, टोपी, पाण्याची बाटली, सुके मोजे. पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त मुलांना जमत नाही, आठवड्यानं सगळ्यांना जमतं. पिशवीचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवा. चाळीस किलोच्या मुलाला चार किलो पुष्कळ झाले. तंबू, भांडी आणि शिधा गाडीतून जाऊ द्या.

यादी म्हणाल तर ती छोटी आहे. अंगावरच्या कपड्यांखेरीज एक पूर्ण सुका जोड, तो फक्त झोपण्यासाठी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. स्वेटर, कानटोपी, दोन जोड मोजे. पायात बूट आणि तंबूपाशी घालायला चपला. खाली घालायला कॅरीमॅट किंवा जाड सतरंजी, वर घ्यायला स्लीपिंग बॅग किंवा गोधडी. ताट, वाटी, पेला. दोन बाटल्या पाणी. विजेरी, शक्यतो डोक्याला बांधायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. टूथब्रश, साबणाचा तुकडा, डास पळवणारं मलम, नेहमीची औषधं. मोबाइल नाही. घरून आणलेला खाऊ तंबूत ठेवायचा नाही, कारण त्यावर मुंग्या येतात, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. अत्तर किंवा सेंटचा फवारा अजिबात नको. डोंगरकड्यावर आग्या मोहोळ असेल तर उग्र वास, धूर आणि आरडाओरडा या तिन्हींनी माश्या उठतात.

थंडीबद्दल थोडं विस्तारानं, कारण शहरी पालक पांघरुणं वाढवत जातात आणि मुलं तरीही कुडकुडतात. डिसेंबरात मावळातलं किंवा महाबळेश्वरच्या बाजूचं तापमान पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरू शकतं. एवढ्या थंडीत अंगातली ऊब वरून जाते त्याहून जास्त खालून, जमिनीत जाते. पाठीखाली दबलेल्या गोधडीत हवा उरत नाही, म्हणून ती तिथे काम करत नाही. तेव्हा दोन पांघरुणं असतील तर एक खाली घालायला शिकवा. गावात भाताचा पेंढा मिळाला तर तंबू लावण्याआधी जमिनीवर पसरा, त्यासारखं दुसरं काही नाही. झोपण्याआधी घामाचे कपडे बदलणं सक्तीचं करा. मुलं कंटाळतात आणि ‘मला थंडी वाजत नाही’ म्हणतात, पण दहा वाजता न वाजणारी थंडी तीन वाजता वाजते. झोपताना गूळ-शेंगदाण्याचा लाडू द्या, लघवीला जाऊन आल्याशिवाय कुणी आत शिरायचं नाही, आणि तंबूची वरची झरोक्याची जाळी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून थिजून पहाटे अंगावर टपकते. आणि एक अपवाद नसलेला नियम: कितीही थंडी असो, तंबूत मेणबत्ती, शेगडी, निखारे, स्टोव्ह, काहीही जळतं न्यायचं नाही. आग लागते आणि बंद जागेत विषारी वायू साचतो, दोन्ही जीवघेणे आहेत.

आता ज्या विषयावर कुणी विचारत नाही आणि जो मुलांच्या मनात सगळ्यात वर असतो, तो: शौचाला कुठे जायचं? मुलं हे विचारत नाहीत, ती पाणी पिणं थांबवतात. दिवसभर पाणी नाही, शौचाला जायचं टाळलेलं, मग रात्री डोकं दुखतं, पोटात कळ येते, आणि आपण समजतो की मूल आजारी पडलं. म्हणून हे वर्गात सरळ भाषेत बोलायचं. गावातली शौचालयं वापरणार असू तर तिथून तंबूपर्यंतची वाट दिवसाउजेडी एकदा सगळ्यांनी चालून यायची. उघड्यावर जायची वेळ येणार असेल तर मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळ्या दिशा, ओढ्या-विहिरीपासून किमान साठ मीटर लांब, खुरप्यानं वीतभर खोल खड्डा, झाल्यावर मातीनं बुजवायचा, नंतर साबणानं हात. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणण्याचा सराव खरोखर घ्या. हसतील, हसू द्या. हसून झालं की संकोच जातो. रात्री एकट्यानं कुणी जायचं नाही. जोडीदाराला उठवायचं, आणि उठवल्यावर कुरकुर न करता उठणं हा जोडीदाराचा धर्म, हे आधी कबूल करून घ्यायचं. बूट-चपला घालण्याआधी उलट्या करून झटकायच्या, विंचू आत बसतो.

मुलींशी पाळीबद्दल शिक्षिकांनी स्वतंत्र बोलायलाच हवं, आणि ज्यांची अजून सुरू झालेली नाही त्यांच्याशीही, कारण ती तिथेच सुरू होऊ शकते. सॅनिटरी पॅड, कागद आणि काळ्या पिशव्या शिक्षिकेकडे भरपूर असू द्या. वापरलेले पॅड पुरायचे किंवा जाळायचे नाहीत, पिशवीत बांधून परत आणायचे. ‘पाळी असेल तर येऊ नकोस’ असं कोणत्याही मुलीला म्हणू नका. तिला काय लागेल ते विचारा.

अंथरूण ओलं होण्याचा प्रश्न बारा-तेराव्या वर्षीही काही मुलांना असतो. पालक ते फॉर्मवर लिहीत नाहीत, लाजेनं मुलाला पाठवतच नाहीत. म्हणून मी पालकांना एक बंद लिफाफा मागतो, जो फक्त एक शिक्षक उघडेल: दमा, फिट येणं, ॲलर्जी, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, नुकतंच घरात घडलेलं काही दुःख. असं मूल असेल तर रात्री अकराला आणि पहाटे त्याला हळूच उठवायचं, झोपण्याच्या तीन तास आधीपासून त्यानं पाणी बेतानं प्यावं, अंथरुणात एक प्लास्टिकचा कागद आणि गुंडाळलेला सुका जोड ठेवायचा. बाकी कुणालाही कळता कामा नये. एवढ्या काळजीनं ते मूल निर्धास्तपणे येतं.

गट सहाचे करा. तुमच्या ३६ मुलांचे सहा गट होतील. १९०७ साली स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही त्यांचे चार छोटे गट केले होते आणि प्रत्येकाला मुलांमधलाच एक नायक दिला होता. स्काउटमध्ये अजून सहा ते आठ मुलांचाच गट असतो. कारण साधं आहे, सहा जणांत प्रत्येकाला काम उरतं आणि कुणी गायब झालं तर लगेच कळतं. गट करताना प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर एकच नाव लिहायला सांगा, ‘कोण सोबत असलं तर मला बरं वाटेल’. ते एक नाव मी पाळतो, बाकीचे मी ठरवतो. सगळे जिवलग एकत्र आले की झोप होत नाही आणि ज्याला कुणी निवडलं नाही तो मुलगा उघडा पडतो. कुणाच्याच चिठ्ठीत ज्याचं नाव नाही, त्याच्याकडे गटाचं सगळ्यात दिसणारं काम द्या.

तिसरी पायरी शाळेच्या मैदानावरची, आणि हिला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. आधी उजेडात तंबू लावणं-काढणं, गटागटानं. मग तेच संध्याकाळी, विजेऱ्यांच्या उजेडात. मग एका संध्याकाळी मैदानावरचे सगळे दिवे बंद करून मुलांना गोलात बसवायचं. पहिली पाच मिनिटं अस्वस्थता असते, कुणीतरी आवाज काढतं, कुणी विजेरी लावतं. तिथे थांबायचं नाही. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, हे त्यांना सांगा आणि तेवढा वेळ बसवा. हळूहळू झाडाच्या फांद्या दिसायला लागतात, समोरच्याचा चेहरा दिसायला लागतो, आणि वर्तुळातून आपोआप ‘अरे, दिसतंय की’ असा आवाज येतो. हा क्षण मुलानं शिबिराआधी अनुभवलेला असणं फार मोलाचं आहे, कारण यापुढे अंधार त्याच्यासाठी बंद दार राहत नाही. मग आवाज ऐकायचे. पिंगळ्याचा किचकिचाट, टिटवीचं ओरडणं, रातव्याचं एकसुरी ‘चक-चक-चक’, कोल्हेकुई, बेडूक, रातकिडे. मोबाइलवर या पक्ष्यांचे आवाज मिळतात, ते वर्गात ऐकवा. तंबूबाहेर ‘काहीतरी’ ओरडलं की मूल घाबरतं. टिटवी ओरडली की ते शेजारच्याला ‘टिटवी आहे’ असं सांगतं आणि कूस बदलतं.

त्यानंतर एक रात्र शाळेच्या मैदानावरच मुक्काम. सगळं खऱ्यासारखं: स्वयंपाक, भांडी, तंबू, पहारा. पालक गावातच आहेत, त्यामुळे एखाद्याला रात्री अकराला घरी जावंसं वाटलं तर जाऊ द्या, पण ते शांतपणे, चर्चा न करता. त्या मुलाला आठवड्यानं पुन्हा एक रात्र संधी द्या, दोघा-तिघांना सोबत घेऊन. ज्यानं मैदानावरची रात्र एकदाही काढलेली नाही, त्याला मी बाहेरच्या मुक्कामाला नेत नाही. हा नियम पालकांना पहिल्याच बैठकीत सांगितलेला असला की कुणाला तो शिक्षा वाटत नाही.

घरच्या आठवणीबद्दल. ती पोचल्यावर येत नाही. ती येते जेवण झाल्यावर, हात रिकामे झाले की, आणि मग तंबूची चेन लागल्यावर. म्हणून जेवणानंतरचा तास मोकळा सोडू नका. डिसेंबरात नऊच्या सुमारास पूर्वेला मृग नक्षत्र छान वर आलेलं असतं, त्याच्या वर रोहिणी आणि कृत्तिका, खाली व्याध. चांदणं असलं तरी हे तारे दिसतात. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मुठी मोजून काढायला सांगा. हात लांब केला की एक मूठ साधारण दहा अंशांची भरते. आपल्याकडे दोन मुठींपेक्षा किंचित कमी भरतं, आणि तेच आपले अक्षांश, हे कळल्यावर आठवीतली मुलं खरोखर चकित होतात. भुताच्या गोष्टी मात्र पहिल्या रात्री नको, मोठ्यांनी तर नाहीच. त्या ऐकताना मुलं हसतात, पण मागच्या रांगेतलं कुणीतरी एक मूल त्या गोष्टी सोबत घेऊन तंबूत जातं आणि रात्रभर लघवी धरून ठेवतं. आठवण येऊन रडणाऱ्या मुलाला ‘एवढा मोठा झालास आणि’ असं म्हणायचं नाही, गोंजारून सगळ्यांचं लक्षही त्याच्याकडे वळवायचं नाही. शेजारी बसायचं, आईच्या हातचं काय आवडतं ते विचारायचं, मग सकाळच्या चहाला पाणी भरून ठेवायचंय, चल, असं म्हणून हाताला काम द्यायचं.

पालकांच्या बैठकीत मी एक विनंती फार आग्रहानं करतो: ‘नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच न्यायला येईन’ असं मुलाला सांगू नका. प्रेमानं दिलेलं हे वचन मूल रात्रभर उशाशी घेऊन झोपतं आणि पहिल्या अवघड क्षणी ते वापरतं. त्याऐवजी सांगा, ‘आठवण येईल, ती येतेच. ताईंना सांग. रविवारी दुपारी मी गेटवर आहे.’ फोन फक्त शिक्षकांकडे. रात्री नऊला आणि सकाळी सातला एक निरोप सगळ्यांना जाईल, आणि मध्ये निरोप नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, हेही आधीच ठरवून टाका. आणि पालकांना एक कागद द्या, ज्यावर जवळचा दवाखाना, ग्रामीण रुग्णालय, गाडी कुठे उभी असेल, कोण जागं असेल हे लिहिलेलं असेल. धास्ती माहितीनं कमी होते.

सुरक्षेच्या गोष्टींत मी काहीच सैल सोडत नाही. चार शिक्षकांत ३६ मुलं म्हणजे नऊंमागे एक. हे जेमतेम आहे, दोन पालक किंवा माजी विद्यार्थी आणखी घ्या. मोठा माणूस मुलांच्या तंबूत झोपत नाही, आणि कुणीही मोठा एकट्या मुलाला घेऊन नजरेआड जात नाही. दोघे मोठे दोन-दोन तासांच्या पाळीनं जागे राहतात. चालक आणि गाडी रात्रभर जागेवरच.

साप-विंचवाबद्दल मुलांना घाबरवायचं नाही, पण नेमकं सांगायचं. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप महत्त्वाचे. रात्रीच्या मुक्कामात खरी काळजी मण्यारीची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही आणि वेदनाही फारशी होत नाही. मग पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. म्हणून तळ शिवलेला तंबू घ्यायचा आणि त्याची चेन आत-बाहेर जाताना दर वेळी लावायची. पहाटे कुणी अशी तक्रार केली तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून थांबायचं नाही. चावलेला भाग हलवायचा नाही, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही, थेट दवाखाना, १०८ ला फोन. प्रतिविष उपलब्ध असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे निघण्याच्या आठवड्यात स्वतः फोन करून विचारा. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्यामुळे एकेकाळी जीव घेणारा हा दंश आज वेळेत पोचलं तर आटोक्यात येतो. वेळेत पोचणं हा आपला भाग.

पण खरं सांगायचं तर सापापेक्षा मला पाण्याची भीती जास्त वाटते. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले, आणि धरणाच्या पाण्यात पोरं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. तळ्याकाठची शिबिरं आज फार लोकप्रिय आहेत. पहिल्या मुक्कामाला तलाव, धरण, समुद्र यांपासून लांबची जागा निवडा. पाणी जवळ असेलच तर दोरी बांधून हद्द आखा आणि ती ओलांडणं पूर्ण बंद, पाय बुडवायलाही नाही.

शेकोटीची मुलं वाट पाहतात, ती असू द्या, पण मोकळ्या मातीवर, गवतापासून लांब, दगडांचं कडं करून, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या ठेवून आणि जागेच्या मालकाला विचारून. जंगलाच्या हद्दीत नाही. विझवताना पाणी ओतायचं, राख उलथायची, पुन्हा ओतायचं, हात जवळ नेला तर ऊब लागता कामा नये. जेवण एका भांड्यात होणारं ठेवा. मुगाची खिचडी, माणशी ऐंशी ग्रॅम तांदूळ आणि चाळीस ग्रॅम डाळ, सोबत पापड-लोणचं. निवडणं, धुणं, कांदा चिरणं मुलांचं. मोठी आच आणि उकळतं भांडं मोठ्यांचं.

थोडक्यात क्रम असा धरा: पहिल्या आठवड्यात पालकांची बैठक आणि लिफाफे, दुसऱ्यात घरची जमिनीवरची रात्र, तिसऱ्यात पिशवी आणि गट, चौथ्यात तंबू आणि अंधारातली बैठक, पाचव्यात मैदानावरचा मुक्काम, सहाव्यात विश्रांती आणि राहिलेल्यांना दुसरी संधी, मग बाहेर. शाळेची परवानगी, शिक्षण खात्याचे कागद आणि संमतिपत्रं यांना यापेक्षा जास्त वेळ लागतो, ते आजच सुरू करा.

हे सगळं डिसेंबरात बसत नसेल तर घाईनं पायऱ्या गाळू नका, जानेवारीत जा. थंडी थोडी जास्त असेल, पण हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असतं. फेब्रुवारीचा मध्य उलटल्यावर मात्र नको. तोवर डोंगरावरचं गवत पुरतं वाळतं, वणवे लागायला लागतात, झरे आटतात आणि वार्षिक परीक्षाही जवळ येते. त्यापेक्षा मैदानावरची रात्र यंदा करा आणि बाहेरचा मुक्काम पुढच्या नोव्हेंबरात ठेवा. आताची सातवीची मुलं तेव्हा आठवीत असतील आणि नव्या सातवीच्या गटांना नायक लागतील, ते तुम्हाला त्यांच्यातूनच मिळतील.